धुरपदाबाईची शिदोरी

पांडेसऱ्याच्या गिरणीवस्तीत, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या मागच्या गल्लीत धुरपदाबाईची खाणावळ आहे. बावीस गडी जेवतात, सगळे खान्देशचे, बायकापोरं गावी ठेवून आलेले. आणि बाईचा तोरा काय विचारता! माझ्या हातचं खाऊन आजवर कुणाचं पोट बिघडलं नाही, हे ती नव्या माणसाला पहिल्या घासाआधीच ऐकवते.

तिथे बडीशेपेच्या वाटीशेजारी निरोधचा डबा असतो. सरकारी दवाखान्यातली नूतन सिस्टर महिन्यातून एकदा येऊन या गड्यांना गुप्तरोगांची माहिती देते, तिनेच तो ठेवलाय. पहिल्या दिवशी सगळे ताटात मुंडी घालून बसले, तेव्हा धुरपदाबाईच खेकसली होती, "लाजता काय नव्या नवरीसारखे? माना वर करा अन् ऐका!" तेव्हापासून डबा आठवड्यात रिकामा होतो. कोण नेतो, ते बाई कधी बघत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ही मंडळी गावी जातात. गाडीत खायला प्रत्येकाला बाईची शिदोरी मिळते, दुधात मळलेल्या दोन दशम्या आणि मिरचीचा ठेचा. ती घेतल्याशिवाय भुसावळच्या गाडीत कुणी पाय ठेवत नाही.

यंदा आखाजीला चार दिवस असताना वाल्मिकने तिसरी भाकरी मागितली. रंगखात्यातला सव्वीस वर्षांचा गडी, बाईचा लाडका. पंधरा-वीस दिवस तो नुसतं ताट चिवडत होता. दुपारची वेळ, बाकीचे पाळीवर गेलेले, फक्त त्याच्या खोलीतला भिकन हात धूत होता.

"काय रे, आज भूक कुठून आली?" बाईने विचारलं.

वाल्मिक आधी हसला, मग हळूच बोलला. होळीच्या आधी दोस्तांबरोबर जाऊ नये तिथे गेला होता. पुढे नको त्या जागी फोड आला. दुखत नव्हता, पण जीव टांगणीला लागला. पुलाखाली तंबू टाकून बसणाऱ्या वैदूने पुड्या दिल्या. "आता फोड साफ गेला, मावशी. मी एकदम नीट. दिवाळीपासून गायत्रीचं तोंड बघितलं नाही, आता निघालो."

धुरपदाबाईचा पिठातला हात थांबला.

"फोड आपोआपच जातो रे! दुखणं रक्तात बसतं. गर्मी म्हणतात त्याला. सिस्टर सांगत होती तेव्हा झोपला होतास? आधी रक्त तपास, मग गावाला जा."

"मावशी, तू भाकऱ्या थाप. माझ्या भानगडीत पडू नको."

"बरं. मग माझी शिदोरी मिळायची नाही तुला."

"नको देऊ!" वाल्मिक ताट सारून उठला. भिकन म्हणाला, "अरे ऐक ना भो." पण त्याने चप्पल पायात घातलीसुद्धा.

तेव्हा धुरपदाबाई उठून दारात आडवी उभी राहिली. जे तिने सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं ते तिथे, पिठाच्या हातांनी, सांगितलं.

"माझ्या नवऱ्यालाही असाच फोड आला होता. असाच गेला. तो खूश झाला, मला तर पत्ताच नाही. माझी दोन लेकरं पोटातच गेली, वाल्मिक. सासू मला पांढऱ्या पायाची म्हणायची, अन् मी ऐकून घ्यायची. बारा वर्षांनी डॉक्टरने माझं रक्त तपासलं तेव्हा कळलं. वेळेत सुई घेतली असती तर लेकरं वाचली असती रे. तुझ्या गायत्रीला कोण काय म्हणेल, सांग?"

वाल्मिकने मान खाली घातली. मग बाईने भरल्या दुपारी गॅस बंद केला, वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि म्हणाली, "चल, मी येते."

दवाखान्यात तपासणीत गर्मी, म्हणजे सिफिलिस, निघाली. एड्सची तपासणीही झाली, ती साफ आली. नूतन सिस्टर रागावली नाही. इंजेक्शन देऊन तिने बजावलं, सात दिवस बायकोपासून लांब राहायचं, पुढची तपासणी होईपर्यंत निरोध वापरायचा आणि वैदूच्या पुड्या गटारात टाकायच्या.

"सात दिवस?" वाल्मिक बाहेर पायरीवर येऊन बसला. "आखाजी तर चार दिवसांवर आली. गायत्रीला काय सांगू?"

"झालं ते सांग. अन् खोटं बोलशील तर याद राख."

त्याने फोन लावला. गड्याने काही लपवलं नाही. धुरपदाबाई शेजारी कान देऊन बसली होती. मग गायत्रीचा आवाज आला, बाईलाही ऐकू जाईल इतका खणखणीत, "या तुम्ही. तुमचं अंथरूण ओट्यावर टाकते. अन् मीही रक्त तपासून घेते. तुमच्या शब्दावर आता मी बसणार नाही."

"अशी पाहिजे बाई!" धुरपदाबाई रस्त्यात ओरडली.

जायच्या दिवशी तिने वाल्मिकच्या हातात चार दशम्या ठेवल्या. "दोन तिच्या. त्यांना हात लावू नको."

आखाजीच्या दिवशी खाणावळ ओस पडलेली. बॉयलरवर ड्युटी म्हणून भिकन तेवढा राहिला होता. ओट्यावर बाईने मातीची दोन छोटी मडकी पाणी भरून ठेवली होती. आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने पाणी ठेवतात, पण आपल्या दोन लेकरांच्या नावाने तिने आजवर कधी ठेवलं नव्हतं. कुणाच्या नावाचं म्हणून सांगणार, ही लाज होती. यंदा ठेवलं.

भिकनचा फोन वाजला. वाल्मिकने फोटो पाठवला होता.

"मावशी, गायत्रीवहिनीचा रिपोर्ट!"

धुरपदाबाईला वाचता येत नव्हतं. ती पदराने हात पुसत आली. "वाच. नीट वाच."

"निगेटिव्ह. काही नाही तिला. खाली वाल्मिकने लिहिलंय, गायत्री म्हणते राग अजून गेलेला नाही, पण दशम्या खाल्ल्या."

बाई पाटावर बसली. डोळ्यांतून धारा, आणि तोंडभर हसू.

"वाचली गं माझी बाई!" ती म्हणाली. मग मडक्यांकडे वळून, मान ताठ करून तिने भिकनला फर्मावलं, "आता जरा मोठ्याने वाच. ह्या दोघांनाही ऐकू दे."