दुधातले नवलकोल

कडूबा वाफ्याच्या कडेला येऊन उभा राहिला आणि त्यानं राम राम केला नाही.

मी नवलकोलांना पाणी देत होतो. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं म्हणून हातात फावडं होतं. पौषातलं ऊन होतं, मऊ, अंगावर घोंगडी टाकल्यासारखं. कडूबा म्हणजे माझ्या बायकोचा, वच्छलाचा, चुलत भाऊ. राहायला घाटाखाली, वडनेर भोलजीला. वच्छला तिच्या भावाच्या, रामरावाच्या, सुनेच्या बाळंतपणाला तिकडेच गेली होती. मला वाटलं, हा तिला पोचवायला आला. मी त्याच्या मागे फाटकाकडे पाहिलं. बैलांची दमणी उभी होती. दमणीत कोणी नव्हतं.

"ये बे कडू. अक्का कुठी हाय तुही?"

तो वाफ्याच्या कडेलाच उभा राहिला. आमच्याकडे मयताचा सांगावा आणणारा राम राम करत नाही आणि उंबऱ्याच्या आत पाय ठेवत नाही. हे मला माहीत होतं. तरी मी पाण्याकडेच बघत राहिलो.

"थांब, एवढा वाफा भरू दे," मी म्हणालो.

"दाजी, पानी राहू द्या."

"भरतच आला ना."

"दाजी, अक्का गेली."

मग तो एका दमात सगळं बोलला. ताप आला, डोक्यात गेला, माणसं ओळखेना. घाट चढून निरोप पोचायचा कधी आणि मी उतरायचो कधी. "थांबता नाई आलं, दाजी. रामरावदादानं अग्नी देला."

पाणी बांधावरून वाटेवर आलं. माझ्या चपला भिजल्या. कडूबानं माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि पाणी वळवलं.

अशा रीतीनं मी तिचं तोंड पाहिलं नाही. लोक म्हणाले, बरंच झालं, जिवंतपणीचं तोंड ध्यानात राहील. तेराव्याला वडनेरला जाऊन आलो, मुंडण केलं, सगळं केलं. पण मनाला ते पटलं नाही. मन म्हणे, ती वडनेरला गेली आहे. बाळंतपण उरकलं की येईल.

मी चिखलीच्या डाकबंगल्याचा माळी. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, त्यामुळे साहेब लोक नागपूरहून यायचे, अमरावतीहून यायचे, हिवाळ्यात जास्त. बंगल्याचा खानसामा सईदचाचा. मागच्या अंगाला दोन खोल्या, एक त्याची, एक आमची. मधे कडुनिंब. आम्हाला मूलबाळ झालं नाही, चाचाची बायको फार आधीच गेलेली. तिघांचं मिळून एक घर असल्यासारखंच होतं, फक्त चुली वेगळ्या.

नवलकोलाचं बियाणं नागपूरहून पुडीत यायचं. पहिल्या साली गड्डे धरले तेव्हा वच्छला कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे काय म्हनावं? कांद्यावानी जमिनीत जात नाई, वांग्यावानी झाडाले लागत नाई. नुसतं वर बसून राह्यलं, पाहुन्यावानी."

"साहेब खातात," मी म्हणालो.

"खाईनात. साहेबाले काय."

पण तिचा त्यात जीव गेला. रोप तीच लावायची, गड्डा कधी काढायचा ते तीच ठरवायची. लिंबापेक्षा मोठा, कवठापेक्षा लहान. नखानं बुडाशी दाबून बघायची. नख रुतलं तर काढायचा. चार दिवस जास्त गेले की आत दोरे धरतात, मग तो गुरांना घालायचा.

चाचा त्याची दुधातली भाजी करायचा. साहेब लोक भाजलेल्या कोंबडीच्या बाजूला ती घेत. साल काढून फोडी उकडायच्या, लोण्यावर मैदा भाजायचा पण तांबडा होऊ द्यायचा नाही, त्यात दूध बारीक धारेनं घालत हलवत राहायचं, मग साय, मिरपूड, किसलेलं जायफळ आणि फोडी. चाचाचे हात कापायला लागले तसे दुधात गोळे व्हायला लागले. एकदा पाहुणे जेवायला बसायची वेळ झाली आणि पातेलं बिघडलं. चाचा दारात येऊन ओरडला, "वच्छला बेटी, धाव!"

तिनं आपल्या चुलीवर, निंबाखाली, सगळं नव्यानं केलं. तो सांगत होता, ती हलवत होती. गोळा एक नाही.

"आता नमक टाक."

"कशात?"

"सालनात. अजून कशात?"

"दुधात मीठ? चाचा, अंगावर कोड फुटीन ना!"

"मले फुटलं काय आजपावतर?"

"मंग तुमीच टाका. मी नाई हात लावत. साहेबाच्या अंगाले डाग उठले तं मले धरून नेतीन."

"अवं, साहेब तं आधीच पांढरा हाय!"

ती इतकी हसली की पळी खाली ठेवावी लागली. चाचानं कापत्या चिमटीनं मीठ टाकलं. तेव्हापासून तसंच ठरून गेलं. भाजी तिनं करायची, पातेलं चाचाच्या दारापर्यंत न्यायचं, मीठ चाचानं टाकायचं. तो म्हणायचा, "तुह्यं दूध, माह्यं नमक."

मी एकदा म्हणालो, "मले दे ना जराशी."

"कायले? कोड फुटलं तं मी कोनाच्या तोंडाकडं पाहू?"

"बिनमिठाची दे मंग."

"बिनमिठाचं दुखनाईतानं खावं. तुमाले काय झालं?" असं म्हणून तिनं माझ्या ताटात वांग्याची तिखट भाजी वाढली. चाचालाही बजावून ठेवलं. तिनं स्वतःही ती कधी चाखली नाही. पळीच्या पाठीवरून दूध कसं उतरतं ते बघायची, वास घ्यायची आणि म्हणायची, "झाली."

तर वडनेरहून परत आलो तेव्हा वाफ्यात तिनं लावलेले शेवटचे नवलकोल होते. बरेच जून झाले होते. थोडे मागाहून लावलेले, ते भरत होते. मला ती भाजी एकदा चाखायची होती. दुसरं काही मागणं उरलं नव्हतं. हे गड्डे दोरे धरायच्या आत, एकदा. तिनं लावलेलं पुन्हा वाफ्यात येणार नव्हतं.

तरी मी काढत नव्हतो. रोज जायचो, नखानं दाबायचो, नख रुतायचं आणि मी उठून यायचो.

दुपारी निंबाखाली पडलं की डोळा लागायचा. मग ती वाफ्यात बसलेली दिसायची, माझ्याकडे पाठ करून. पदर खोचलेला. एका गड्ड्यावरून दुसऱ्यावर हात फिरवत पुढे पुढे सरकायची आणि वाफा काही संपायचा नाही. पार बंगल्याच्या भिंतीच्या पलीकडे, शेतांच्या पलीकडे, जिथं घाट उतरतो तिथपर्यंत फिकट हिरवे गड्डेच गड्डे. मी हाक मारत नव्हतो. हाक मारली तर ती उठेल असं वाटायचं. जागा व्हायचो तेव्हा पानं हलत असायची. बुलबुल उडालेला असायचा, किंवा वारा असायचा. मी तसाच पडून राहायचो. ऊन निंबातून गळत असायचं.

"उद्धवा," एकदा चाचा म्हणाला, "जून होऊन राह्यले ना बे ते."

"हाव."

"मंग काऊन नाई काढत?"

"काढतो ना."

त्याच आठवड्यात नागपूरचे भालचंद्रराव साहेब आणि त्यांच्या बाई, प्रतिमाबाई, बंगल्यावर उतरले. दर हिवाळ्यात यायचे. साहेब विलायतेला जाऊन आलेले, त्यांच्यात शिवाशिव नव्हती. बाई ती भाजी पोळीशी खायच्या. सकाळीच त्या बागेत आल्या. मी वाफ्यात बसलो होतो, पागोटं बाजूला काढून ठेवलेलं.

"उद्धवराव, वच्छलाबाई दिसत नाहीत?"

"वडनेरले गेली जी."

"अगंबाई! मग या खेपेला आमची भाजी बुडाली म्हणायची."

मी मातीकडे बघत होतो. मग विचारलं, "बाईसाहेब, एक गोष्ट इचारू? लागते कशी ती?"

"म्हणजे? तुम्ही खाल्ली नाहीत कधी?"

"नाई जी."

त्या हसल्या. मग मी हसत नाही हे बघून विचार करायला लागल्या. "कशी सांगू? गोड नाही, तिखट नाही. पहिला घास घेतला की वाटतं, यात काहीच नाही. दुसरा घेतला की बोलावंसं वाटत नाही. गेल्या वर्षी आम्ही दोघं भांडूनच जेवायला बसलो होतो. भाजी संपली तेव्हा भांडण कशावरून होतं ते मला आठवेना. ह्यांना आठवत होतं, पण तेही गप्प बसले."

बोलता बोलता त्यांची नजर माझ्या डोक्यावर गेली. केस नुकते उगवत होते. त्यांनी पदर पुढे ओढला.

"कधी?"

"पौषात. लय दिवस नाई झाले."

"राहू द्या भाजी. मी उगीच बोलले."

"नाई बाईसाहेब," मी म्हणालो. "आजच काढाले पाह्यजे. उद्या दोरे धरतीन."

हे तोंडातून निघालं तेव्हा मला कळलं की ते खरं होतं. बाई गेल्यावर मी विळा घेतला. नख रुतत होतं तेवढे सगळे काढले. टोपलीचा तळ जेमतेम झाकला.

वच्छलाची चूल पेटवली. चाचा शेजारी पाटावर बसला. फोडी उकडून ठेवल्या, लोण्यावर मैदा टाकला, दुधाची धार धरली.

"बारीक. अजून बारीक. अरे मनगटानं फिरव, खांद्यानं नाई. विहीर खंदून राह्यला काय बे?"

"फिरवतो ना चाचा."

"ती कशी फिरवे? चुलीले माहीत नोको पडू दे, अशी."

मी मनगटानं फिरवायला लागलो. दूध जड होत गेलं. गोळा झाला नाही. साय घातली. चाचानं मिरपूड टाकली, जायफळ किसून घातलं, आणि वास आला.

तो वास मला माहीत होता. हिवाळ्यात रात्री वच्छलाच्या पदराला यायचा. इतकी वर्षं मी समजत होतो की थंडीत तिच्या अंगालाच तसा वास येतो. मी पळी फिरवत राहिलो. ती मागे उभी असती तर जेवढं अंतर असतं, तेवढ्याच अंतरावर तो वास होता. मी मागे पाहिलं नाही.

"उद्धवा, हात थांबवू नोको. खाली लागीन."

"हाव."

फोडी घातल्या. पळीच्या पाठीवरून दूध हळूच उतरलं. मीच म्हणालो, "झाली."

त्यानं मिठाची वाटी पुढे ओढली.

"थांबा चाचा." मी एका वाटीत थोडी भाजी काढून घेतली. "हे माह्यं."

त्यानं वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पातेल्यात मीठ टाकलं. चिमूट कापत होती, थोडं मीठ राखेत पडलं. मग मिठाची वाटी त्यानं माझ्याकडे सरकवली.

"तुमीच टाका," मी म्हणालो.

"पाहुन्याचं मी टाकत आलो. तुह्या वाटीत नाई टाकनार. तिनं मले सांगून ठेवलं होतं, चाचा, ह्याइले देऊ नोका."

"मंग बिनमिठाचीच खाऊ?"

"तिची भाजी चाखाची हाय ना तुले? बिनमिठाची ती भाजी नोहे. ते नुसतं दूध हाय." तो गुडघ्यावर हात ठेवून उठला. पातेलं उचललं. दारापाशी थांबून म्हणाला, "टाक ना बे. आता कोन रागावते?"

बंगल्यावर जेवणं झाली. पातेलं रिकामं आलं. प्रतिमाबाई मागच्या व्हरांड्यात आल्या होत्या, निंबाकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

मी वाटी घेऊन आमच्या खोलीत आलो. कोनाड्यात तिची मिठाची बरणी आहे, वर नारळाच्या करवंटीचं झाकण. जाताना तिनं ती काठोकाठ भरून ठेवली होती. मी चिमटीत मीठ घेतलं आणि वाटीवर हात धरून बसलो. दारातून ऊन आत येत होतं, सरकत सरकत माझ्या पायापर्यंत आलं. भाजीवर साय धरली.

मला कोडाची भीती नाही. या वयात तोंडावर पांढरा डाग उठला तर उठला. पण ते तोंड बघायला घाट चढून ती आता यायची नाही, हे चिमूटभर मीठ टाकलं की मीच कबूल केल्यासारखं होतं. बोटं दमट होती. मीठ बोटांना चिकटून राहिलं. मी ते बरणीत झटकलं, करवंटी झाकली.

वाटी समोर आहे. भाजी अजून थोडी कोमट आहे. मीठ घालायचं राहिलं आहे.