तिसरी पिशवी

“काका, नऊ नंबरच्या वाफ्यात स्फुरद तिसऱ्या थरापर्यंत पोचलंय,” प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या आणि अहवाल काकांपुढे सरकवला. “आणि हे शेवटचं पान बघा. आभारात तुमचं नाव.”

काकांनी चष्मा पुसला. माती परीक्षणाच्या या प्रयोगशाळेसाठी एकतीस वर्षं त्यांनी शेतात गिरमिट फिरवून मातीचे नमुने काढले होते, म्हणून सगळे त्यांना गिरमिटकाकाच म्हणत. छापील कागदावर नाव मात्र कधी आलं नव्हतं. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. अहवालात नाव घालते असं मॅडमनी मागेच कबूल केलं होतं. काकांनी ते बायकोला सांगितलं आणि तिने अख्ख्या गल्लीला.

स्फुरदाचा, म्हणजे खतातल्या फॉस्फरसचा, स्वभाव त्यांना पाठ होता. घालाल तिथे ते घरजावयासारखं ठाण मांडून बसतं. वरच्या वीतभर मातीत भरपूर, दुसऱ्या थरात बेताचं, तिसऱ्यात नावापुरतं. इथे तर पहिला आणि तिसरा आकडा जवळजवळ सारखेच होते. वर्षानुवर्षं घातलेल्या शेणखतामुळे ते खाली उतरलं, असं मॅडमनी लिहिलं होतं.

काकांना नऊ नंबरमधली ती दुपार आठवली. हातभर खाली कडक थर लागला, गिरमिट पुढे जाईना, गुडघा ठणकत होता. त्यांनी वरचीच माती तिसऱ्या थराच्या पिशवीत भरली. बारा वाफ्यांच्या छत्तीस पिशव्यांतली एक, कुणाला कळतंय. उभ्या नोकरीत तेवढी एकच लबाडी केली आणि नेमकी तीच अहवालात जाऊन बसली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मॅडम, ती माती खालची नाही. मी वरचीच भरली होती.”

मॅडमनी अहवालाची पानं मागे उलटली. “आणि बाकीच्या पस्तीस?”

“त्या खऱ्या आहेत. पण आता मी सांगून काय उपयोग.”

“सगळ्याच पुन्हा काढाव्या लागतील, काका.”

“काढतो. शुक्रवारपर्यंत होतील.”

मॅडमनी अहवाल ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या रागावल्या असत्या तर बरं, असं काकांना वाटलं.

चार दिवस ते राबले. नऊ नंबर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला. कडक थर पुन्हा आडवा आला, तेव्हा बांधावर उभ्या असलेल्या मॅडम खाली उतरल्या आणि त्यांनी दांड्याचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून गिरमिट तळापर्यंत नेलं. खालची माती फिकट, खड्यांची निघाली.

तपासणीला आठवडा लागणार होता. आकडे येतील तेव्हा काका निवृत्त होऊन घरी बसलेले असणार होते. पिशवीच्या चिठ्ठीवर ‘नमुना घेणारा’ या रकान्यात ते नेहमी एक फराटा ओढत. आज त्यांनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं.

घरी बायको दारातच उभी होती. “आलं का नाव?”

“छापून नाही आलं. पिशवीवर लिहून आलोय.”

तिने त्यांच्या गुडघ्यांवर वाळलेली माती बघितली, आणि पाणी तापत ठेवायला आत गेली.