मधल्या पाण्यावरची हाक

पळसबांधच्या तलावाकाठी, मोहाच्या झाडाखाली, एक लांबट ओंडका पालथा पडलेला दिसेल. हल्ली लोक त्याला लाकूड समजतात. मित्रांनो, मी लाकूड आहे हे खरे, पण नुसते लाकूड नाही. मी एक जुना डोंगा आहे.

संवत छप्पनच्या, म्हणजे इंग्रजी अठराशे नव्व्याण्णवच्या, मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली माझा जन्म झाला. नवेगावकडच्या रानातून आणलेल्या बिजा नावाच्या झाडाच्या खोडातून यादोराव ढिवराने मला कोरले. महिनाभर त्याचा वाकस, लाकूड तासायचे हत्यार, चालला होता. आत विस्तव करून त्याने मला शेकले, मोहाच्या बियांचे तेल पाजले आणि एका सकाळी पाण्यात लोटले. पहिली दहा वर्षे मी जाळी वाहिली, मासे वाहिले, शिंगाडे वाहिले. माझ्या अंगाला तेव्हा चिखलाचा वास येत असे, आणि मला त्याची लाज वाटत नसे.

मग पैलतीरावरच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, रिकाम्या बंगल्यात मास्तर घडवणारी शाळा निघाली. कागदोपत्री तिचे नाव नॉर्मल स्कूल. आमच्या गावचे लोक मात्र ऐटीत तिला ‘कालेज’ म्हणत. शिकणारे जेमतेम चाळीस. दोन वर्षे तिथेच राहायचे, शिकायचे, आणि मास्तर होऊन कुठल्यातरी खेड्यात जायचे. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, वळसा घालून शाळेत जायला तीन मैल पडत, आणि पावसाळ्यात नाला आडवा येई. म्हणून येणारा प्रत्येक मुलगा आपली ट्रंक घेऊन माझ्यातूनच जाई.

वल्हे तेव्हा यादोरावच्या मुलाच्या, खेमराजच्या हाती होते. एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत तो तीन दिवसांत गेला. चौथ्या दिवशी पैलतीरावरून मुलांच्या हाका येऊ लागल्या. घरात वल्हे मारणारे कोणी उरले नव्हते. तेव्हा खेमराजची बायको शामकला उठली. वय असेल वीस-बावीस. तिने पदर खोचला आणि वल्हे उचलले. काठावरच्या बाया म्हणाल्या, “बाईमाणूस डोंगा चालवते का?” ती म्हणाली, “पोरं खोळंबून रायले ना. मंग कोण चालवन? तुमी?”

त्या दिवसापासून मी तिचा झालो.

काय दिवस होते ते! वसतिगृहात जातीप्रमाणे तीन चुली वेगवेगळ्या पेटत, पण माझ्यात जागा सहाच. गुडघ्याला गुडघा लावून बसावे लागे. कोण कोणाला शिवले हे पाहत कोणी हलला, तर सहाही जण पाण्यात. नव्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी वल्हे द्यायची रीत होती. मी जागच्या जागी गरगर फिरू लागलो की जुनी मुले टाळ्या पिटून ओरडत, “भवरा! भवरा!” शामकला तोंडावर पदर घेऊन हसे आणि मग हळूच वल्हे काढून घेई.

परीक्षेच्या आधी मुले आपापल्या पाठाचा सराव माझ्यातच करीत. विद्यार्थी म्हणून समोर शामकला असायचीच. “सांगा पाहू, नदीचा उगम कोठे होतो?” एखादा घसा खाकरून विचारी. ती म्हणे, “मले काय इचारता जी? माहा तर तलाव हाय.” पण ऐकून ऐकून तिला सगळे येऊ लागले होते. एखादा अडखळला की ती वल्ह्यावरची नजर न काढता पुढचे वाक्य सांगे.

आणि सर्वांत मोठी रीत निरोपाची. वैशाखात नेमणुकीचे कागद आले की एकेकाला मी ऐलतीराला पोहोचवी. मधल्या पाण्यावर शामकला वल्हे थांबवी. निघालेला मुलगा उभा राही आणि शाळेच्या घाटाकडे तोंड करून नेमणुकीच्या गावाचे नाव मोठ्याने हाकारी. घाटावर जमलेली मुले तेच नाव तीनदा परत हाकारीत. ज्याच्या गावाला हाकेचे उत्तर मिळाले, तो तिथे टिकतो, अशी समजूत होती. किती गावे ऐकली मी! बोदलकसा, चिचगड, सालेकसा… नकाशा न पाहता मला मुलूख पाठ झाला. शामकला मात्र त्या वेळी कधी तोंड उघडत नसे. ती हाक शिकणाऱ्यांची आहे, असे ती मानी.

मित्रांनो, आता चुन्नीलालविषयी सांगतो.

तो केशोरीकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. अंगाने काटकुळा, बोलायला हळू. पण वल्हे त्याला पहिल्याच दिवशी जमले. ‘भवरा’ ओरडायला टपलेल्यांची त्याने फजिती केली. शामकला म्हणाली, “कोनं शिकवलं रे?” तो म्हणाला, “काकी, तुह्या हाताकडं पायत होतो.” तिला मूलबाळ नव्हते. त्या दिवसापासून ती त्याच्यासाठी भाजलेले शिंगाडे आणू लागली.

बेचाळीसच्या श्रावणात एका सकाळी शाळेच्या कौलांवर तिरंगा दिसला. तो कोणी लावला हे हेडमास्तरांनी विचारताच चुन्नीलाल पुढे झाला. दुसऱ्या दिवशी दोन शिपाई आणि एक जमादार आले. नाला भरून वाहत होता. पाळीची वाट बंद होती. त्यांना माझ्यातूनच जावे लागले आणि माझ्यातूनच परतावे लागले. परतताना मध्ये चुन्नीलाल बसला होता. त्याचे हात दोरीने बांधलेले होते.

मधल्या पाण्यावर आलो आणि शामकलेचे वल्हे आपोआप थांबले. पंचवीस वर्षांची सवय ती.

“क्यों रुकी? चला नाव!” जमादार खेकसला.

ती हलली नाही. चुन्नीलालने घाटाकडे पाहिले. हेडमास्तरांनी मुलांना वर्गात कोंडले होते. घाटावर कोणीच नव्हते. तो हळूच म्हणाला, “काकी, कोणतं गाव सांगू? मले तं गावच नाई भेटलं.”

 जमादाराने काठी माझ्या कडेवर आपटली. त्या घावाने पडलेली भेग अजून माझ्या अंगावर आहे. मग तिने वल्हे पाण्यात घातले. इतके जड वल्हे मी कधी अनुभवले नव्हते.

पुढच्या वैशाखात निरोपाचे दिवस आले. शेवटचा मुलगा उतरल्यावर शामकला शाळेत गेली. इतक्या वर्षांत ती कधी घाटाची शेवटची पायरी चढली नव्हती. परतली ती पुटपुटतच. वाटेत मला सांगावे तसे ती बोलत होती. “मी म्हटलं, एक पोरगा रायला ना जी. तं मास्तर म्हणते, त्याचं नाव कापलं. मी म्हटलं, तुमच्या वहीतून कापलं. डोंग्यातून कोण कापन?”

पुढे शाळाच गेली. रेल्वे गोंदियाला, बाजार गोंदियाला, मग शाळा तलावापलीकडे कशाला, असे वरच्यांना वाटले. शेहेचाळीस साली बाके, काळे फळे, पुस्तकांची कपाटे माझ्यातूनच गेली. सामान वाहून मी थकलो नाही. रिकामा परतताना थकलो. बंगल्याला कुलूप लागले. माझी भेग वाढली, पाणी आत येऊ लागले. शामकलेचे गुडघे धरले होते. तिने मला काठावर घेतले आणि ती जाळी विणत बसू लागली. पैलतीरावरून हाक आल्यासारखे वाटे. ती मान वर करी, मीही कान देई. तिकडे बगळे असत.

सत्तेचाळीसच्या वैशाखात, भर दुपारी, एक माणूस पाळीवरून चालत आला. दाढी वाढलेली, एका पायाने किंचित लंगडणारा. शामकलेने डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि जाळे खाली पडू दिले.

“काऊन रे, इतल्या उशिरा आलास?”

“तुरुंगात एक साल गेलं, काकी. दोन साल बिमारीत,” चुन्नीलाल म्हणाला. “आता नव्या काँग्रेस सरकारनं आमाले परत घेतलं. गोंदियाले परीक्षा देली. नेमणूक भेटली.” त्याने खिशातला कागद दाखवला. मग खाली पाहत म्हणाला, “माहं गाव सांगाचं रायलं होतं.”

“डोंगा फुटला हाय. पानी येते आत.”

“येऊ दे. मी उपसतो.”

शामकलेने जुन्या लुगड्याची पट्टी भेगेत ठोसली, वर राळ लावली. दोघांनी मला पाण्यात लोटले. मित्रांनो, वर्षभराच्या कोरडेपणानंतर पोटाखाली पाणी लागले, तेव्हा मला काय वाटले ते सांगता येणार नाही.

मधल्या पाण्यावर तिने वल्हे थांबवले. चुन्नीलाल उभा राहिला. “केशोरीऽऽ!”

हाक बंगल्याच्या बंद दारांपर्यंत गेली आणि विरली. घाटावरून एक पाणकोंबडी उडाली. उत्तर द्यायला कोणी नव्हते. तो तसाच उभा राहिला, मग खाली बसू लागला.

तेव्हा शामकलेने वल्हे पायाशी ठेवले. दोन्ही हात तोंडाशी नेले.

“केशोरीऽऽ!” ती ओरडली. पुन्हा ओरडली. तिसऱ्यांदा तिचा आवाज फाटला, पण नाव पुरे झाले.

तोवर पाणी त्यांच्या घोट्यांपर्यंत आले होते. चुन्नीलाल लोट्याने उपसत होता, रडत होता आणि हसतही होता. “काकी, बुडवतेस का आता?” शामकला म्हणाली, “मास्तर झालास ना? मंग पोव.”

आम्ही काठाला लागलो ते अर्धे बुडालेलेच.

मित्रांनो, शाळा मोठ्या गावी गेली, हे वाईट झाले असे मी म्हणत नाही. रेल्वेने जाणाऱ्यांना डोंगा लागत नाही, हे मला समजते. तुम्हीही खूप लांब जा. फक्त एक ध्यानात ठेवा. पार उतरल्यावर डोंगा पाण्याबाहेर ओढून ठेवावा लागतो, नाहीतर तो कुजतो. आणि तो एकट्याने ओढणे फार जड जाते. माझ्यातून उतरलेली मुले चांगली होती, पण ती ट्रंक उचलून पुढच्या गाडीकडे धावत. मागे राहिलेली शामकला तीस वर्षे मला एकटीच ओढत राहिली.

त्या दुपारी चुन्नीलालला केशोरी गाठायची होती. ऊन उतरू लागले होते. त्याने पिशवी मोहाखाली ठेवली, धोतर खोचले आणि शामकलेने सवयीने धरलेल्या माझ्या नाकाडाला, पुढच्या टोकाला, हात घातला.

“काकी, तू सोड,” तो म्हणाला. “मी ओढतो.”

शामकला बाजूला झाली. काठावर बसली. आणि तिने त्याला ओढू दिले.