औरंगपुऱ्यातला तिसरा मजला

नवऱ्याला, अभयला, जाऊन चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत रत्नमालानं कुणालाच कशाला नाही म्हटलं नव्हतं. नणंदेनं विचारलं, त्याचे कपडे वाटून टाकू का? ती हो म्हणाली. शेजारणीनं घरातला पाण्याचा ड्रम नेऊ का विचारलं, त्यालाही हो. रोज अंगणवाडीत जायची, मुलांना खिचडी वाढायची, हजेरी लिहायची आणि घरी येऊन बंद टीव्हीसमोर बसायची. लोकांचं बोलणं ऐकू यायचं, पण आत पोचायचं नाही. रडूसुद्धा आलं नव्हतं. मुकुंदवाडीतल्या बायका म्हणायच्या, लई धीराची आहे.

तो उन्हाळा कोरडा होता. जायकवाडी धरण तळाला गेलेलं, नळ आठव्या-दहाव्या दिवशी यायचा. शहर मात्र वाढतच होतं. बिडकीनकडं कारखान्यांसाठी जमिनी गेल्या होत्या आणि मोबदला लोकांच्या हातात आला होता. पावसाचा भरवसा नव्हता, म्हणून तो पुन्हा शेतात घालायला कुणी धजत नव्हतं. पैसा कुठं ठेवायचा, हा प्रश्न घरोघर होता. बन्सीच्या घरीही होता.

बन्सी हा अभयचा वाळूजच्या कंपनीतला सोबती. वीस वर्षं दोघं एका पाळीला होते. अभय दवाखान्यात होता तेव्हा अकरा दिवस बन्सी बाहेरच्या बाकावर झोपला. खांदा द्यायलाही पुढं तोच होता. तो एका रविवारी आला आणि मोबाईलवर ‘उदयशिखर’ नावाची कंपनी दाखवू लागला. पैसे टाकायचे, ते रोज वाढतात, आपण नुसतं बघायचं. त्यानं जमिनीचा बराचसा मोबदला त्यात घातला होता. दोनदा थोडे काढूनही पाहिले, खात्यात आले. रत्नमालाच्या फोनवर त्यानं तेच ॲप टाकून दिलं, तिच्याकडून थोडे पैसे भरून घेतले आणि म्हणाला, अभयच्या पोस्टातल्या ठेवी नुसत्या पडून कशाला ठेवायच्या?

“तुम्ही म्हणता तसं करू भाऊजी,” ती म्हणाली.

ॲपवरचा आकडा दर सकाळी वाढलेला असायचा. तो बघून तिला आनंद होत नव्हता आणि भीतीही वाटत नव्हती.

वारसाचे कागद द्यायला ती पोस्टात गेली तेव्हा तिथं दमयंतीबाई भेटल्या. त्या अल्पबचतीच्या एजंट. पंधरा वर्षं दर महिन्याला घरी येऊन अभयकडून हप्ता नेत असत. पैसे काढून कुठं ठेवणार, असं त्यांनी विचारलं. रत्नमालानं सांगितलं. दमयंतीबाईंनी फोन मागून घेतला, चष्मा वर सारून ते ॲप बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, या कंपनीचा धंदा काय? नफा येतो कुठून? रत्नमालाला एवढंच सुचलं, की ठेवी मोडल्या तर या बाईंचं कमिशन जाईल. तिनं ते तसंच बोलून दाखवलं.

दमयंतीबाई रागावल्या नाहीत.

“जाईलच ना,” त्या म्हणाल्या. “म्हणून माझ्याही शब्दावर जाऊ नका. हे माझं प्रमाणपत्र. नंबर लिहून घ्या आणि जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन विचारा, ही बाई खरी का खोटी. मला काही वाटणार नाही. आता तेच त्या कंपनीला करा. लोकांचे पैसे गुंतवणाऱ्यांना सेबीकडं नोंद करावी लागते, ती यादी कुणालाही बघता येते. दिलेल्या पत्त्यावर जाऊन या. आणि भरलेले सगळे पैसे एकदम परत मागा. खऱ्या माणसाला तपासलं तर राग येत नाही, रत्नमालाताई. ज्याला येतो, त्याच्यापासून लांब राहा.”

सेबीच्या यादीत दमयंतीबाईंनी तिथंच शोधून दाखवलं. उदयशिखर त्यात नव्हती. तरी रत्नमालाला वाटलं, बन्सीभाऊजी खोटं कशाला बोलतील? ती रिक्षानं औरंगपुऱ्यात गेली. ॲपवर पत्ता होता, तिसरा मजला. जिना चढून गेली तर तिथं वह्या-पुस्तकांचं गोदाम होतं. गठ्ठे मोजणाऱ्या माणसानं तिला काही बोलूच दिलं नाही.

“उदयशिखर का? इथं कुणी नाही. या आठवड्यात तुम्ही चौथ्या. काल गंगापूरहून एक म्हातारं जोडपं आलं होतं, इथंच पायरीवर बसून राहिलं.”

ती जिना उतरली. मधेच थांबून तिनं कठडा धरला. कठडा उन्हानं तापलेला होता, तळव्याला चटका बसला. किती दिवसांनी आपल्या अंगाला काहीतरी कळतंय, असं तिला वाटलं.

घरी येऊन तिनं ॲपवर पैसे परत मागितले. लगेच एका मुलीचा फोन आला. हिंदीतून फार गोड बोलत होती. पैसे मिळतील, पण आधी कर म्हणून वेगळी रक्कम भरावी लागेल. रत्नमाला म्हणाली, माझ्याच पैशांतून कापून घ्या. पलीकडचा आवाज बदलला.

“आपको हम पर भरोसा नहीं है क्या?”

रत्नमालानं फोन ठेवला. नेमका हाच राग दमयंतीबाईंनी सांगितला होता.

तिचे थोडेच गेले होते. पण बन्सीचं काय? ती तडक बिडकीनला गेली. बन्सी ओसरीवर बसला होता. तिनं गोदामाचं सांगितलं, फोनचं सांगितलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला.

“अभय असता तर त्यानं माझ्यावर शक घेतला नसता, वैनी.”

पूर्वीची रत्नमाला रडली असती, आणि चार महिन्यांतली रत्नमाला बरं म्हणून उठली असती. ती बसून राहिली.

“शक तुमच्यावर नाय, भाऊजी. तुम्ही अकरा दिवस बाकावर झोपलात, ते मी मरेपर्यंत इसरणार नाय. पण तुम्ही चांगले म्हणून ती कंपनी चांगली, असं कसं व्हईल? तुम्ही तरी तिथल्या कुणाला पाहिलंय का?”

बन्सीनं कुणालाच पाहिलं नव्हतं. त्याला साडूनं सांगितलं होतं, साडूला गावातल्या एकानं. त्यानं स्वतः सहा घरांना सांगितलं होतं. मग त्यानं हळूच कबूल केलं, की मोठी रक्कम परत मागितल्यावर त्यालाही तोच कर सांगितला होता. काल त्यातला अर्धा भरला, उरलेला आज संध्याकाळी भरणार होता.

“आता एक रुपया पाठवायचा नाय,” रत्नमाला म्हणाली. कुणाला काही करू नका म्हणण्याची चार महिन्यांतली तिची ही पहिलीच वेळ.

तिथूनच तिनं ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावला, तक्रार नोंदवली, आणि दोघं शहरात सायबर पोलिसांकडं गेले. बन्सीनं आदल्या दिवशी भरलेली रक्कम एका बँकेत अडवता आली. बाकीची कुठल्या कुठं गेली होती. अधिकाऱ्यानं खोटी आशा दाखवली नाही. बाहेर आल्यावर बन्सी भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. ते बघता बघता रत्नमालाच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते बन्सीसाठी होतं की अभयसाठी, हे तिनं शोधलं नाही.

पुढच्या पौर्णिमेला गावातल्या बुद्ध विहारात माणसं जमली तेव्हा बन्सी आपणहून उभा राहिला. आपली फसगत त्यानं सगळ्यांसमोर सांगितली. ती सहा घरं तिथं होती. त्यातलं एक माणूस उठून निघून गेलं. बन्सीनं मान खाली घातली, पण बोलणं थांबवलं नाही. शेवटी म्हणाला, “मला कुणी फसवायच्या आधी मीच इचारायचं सोडलं व्हतं. ओळखीच्या माणसानं सांगितलं की मी डोळं मिटत व्हतो. आता ज्याला काय कळत नाय, त्यानं माझ्याकडं या. दोघं मिळून तपासू.” दुसऱ्या दिवशी तो त्या सहा घरी गेला. दोन घरांनी दार उघडलं नाही.

मित्रहो, आपल्यापर्यंत अशी कंपनी परक्याच्या तोंडून क्वचितच येते. ती आणतो आपला भाऊ, आपला सोबती, आपल्या सुखदुःखात धावून येणारा माणूस, आणि बहुतेक वेळा तोही फसलेलाच असतो. त्या माणसावर जरूर प्रेम करावं, पण त्याच्या प्रेमाखातर कंपनीची नोंद आणि पत्ता तपासायचा राहू देऊ नये. प्रश्न विचारल्यानं नातं तुटत नाही. रत्नमालानं वेळेवर विचारला म्हणून बन्सीकडं उरलेले पैसे तरी वाचले.