होरबीडाच्या दिवशी पेटती राहिलेली शेगडी

सुळगेवाडीत होरबीड असलं की गावात मांजरसुद्धा मागं ठेवत नाहीत, असं म्हणतात. मांजरं मात्र हे मानत नाहीत, तो भाग वेगळा. लक्ष्मीची यात्रा जवळ आली की एक दिवस सारं गाव सूर्य उगवायच्या आत घरदार सोडतं आणि शिवेबाहेरच्या माळावर जाऊन बसतं. चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची, वेशीत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकायच्या. रांधणं, जेवणं, भांडणं, जे काय असेल ते माळावर. दिवस मावळेपर्यंत गाव देवीचं. ती त्या दिवशी एकटी गल्लोगल्ली फिरते म्हणे. तिला माणूस दिसता कामा नये आणि जाळ तर मुळीच नाही. मागं एका होरबीडाला कुणाची तरी विडी कोनाड्यात धुमसत राहिली, तर त्या साली विहिरीच्या पाण्याला जर्द्याचा वास सुटला आणि निपाणीचे व्यापारी बादल्या घेऊन भाव करायला आले होते!

तर अशा गावचा सौरव. माळावर पोचला, लिंबाखाली चटई टाकली, आई शालूबाईनं पुढं केलेला चहा तोंडाला लावला आणि पहिल्याच घोटाला त्याला आठवलं.

गाडीतली शेगडी.

त्यानं शेजारी बसलेल्या बायकोकडं बघितलं. “रचना, गाडीतला गॅस बंद केलीस न्हवं?”

“मी? तुम्हीच मागनं उतरलासा की!”

“मी पुढं बॅटरीत डोकं घालून होतो गं.”

रचनाच्या हातातला वरवंटा पाट्यावर आपटला.

ही गाडी म्हणजे सौरवच्या बापाचा, यल्लाप्पाचा, जुना टेंपो. सौरव बेळगावात खडेबाजाराजवळच्या एका नव्या तऱ्हेच्या हॉटेलात कामाला होता. तिथं गिऱ्हाईक उंच स्टुलावर पाय लोंबकळत बसायचं, टेबलावरच्या चौकोनी ठिपक्यांना मोबाईल दाखवायचं आणि वाढप्याचं तोंडही न बघता मिसळ मागवायचं. आधी फोटो, मग घास. फोटो मनासारखा येईस्तोवर कट गार व्हायचा आणि वर गार कटाची तक्रारही व्हायची. हे बघून बघून सौरवच्या डोक्यात फूड ट्रक शिरला. त्यानं नोकरी सोडली, टेंपोची कूस कापून खिडकी काढली, आत ओटा केला, बाहेर कानडी-मराठी दोन्हींत नाव रंगवून घेतलं. येत्या शनिवारी बेळगावात फूड ट्रकवाल्यांचा मेळा भरणार होता. तिथं जागा मिळावी म्हणून माणसं देव पाण्यात घालून बसली होती, आणि याला ती मिळाली होती. शनिवारी गाडी तिथं उभी राहिली तर सगळं जमलं. नाही राहिली, तर पुन्हा स्टुलाखालची फरशी पुसणं.

आता ती गाडी गावात देवळासमोरच्या मोकळ्या जागेत उभी असायची, ती गावचे पंच नागोजीअण्णांच्या मेहेरबानीवर. त्यांनी बजावलंही होतं, “सौरव, गावाच्या रीतीला धक्का लागला, तर ही चाकं पुन्ना दिसायची न्हाईत.”

बेत मात्र चांगला होता. गाडी माळावर न्यायची आणि अख्ख्या गावाला फुकट मिसळ खाऊ घालायची. त्यासाठी संकेश्वरी मिरचीचा कट पहाटेच शिजायला ठेवला होता. पातेलं एवढं थोर की त्यात रेडकू पोहलं असतं. पण हौसेनं लावलेल्या रंगीत दिव्यांनी बॅटरी खाल्ली आणि गाडी हलेना. तिकडं पूर्वेला तांबडं फुटलं. यल्लाप्पा ओरडायला लागला, “चल लेका, सूर्य काय तुझ्या बॅटरीसाठी थांबणार हाय?” धांदलीत सगळे पळाले. बारीक आचेवर पातेलं तसंच राहिलं.

सौरव उठला आणि सहज फिरायला निघाल्यासारखा वेशीकडं गेला. फांद्यांपाशी भरमा काठी घेऊन राखणीला बसला होता. भरमाची नजर अशी, की उडत्या कावळ्याचं वय सांगेल.

“कुठं रं?”

“पाय मोकळं करायला.”

“माळ केवढा पडलाय. तिकडं कर.”

सौरव परत आला. आता त्याचं एकच काम उरलं, गावाकडं बघत बसायचं. देवळाच्या शिखरामागं जरा धुरकट दिसलं की त्याच्या तळपायाला घाम फुटायचा. बघावं तर बगळे असायचे. हायवेवर कुठल्याशा ट्रकचं टायर फुटलं, तेव्हा त्यानं सरळ शालूबाईच्या पिठाच्या परातीवर उडी घेतली.

“काय झालं रं?” पीठ झाडत शालूबाईनं विचारलं.

“सिलेंडर... न्हाय, काय न्हाय आये.”

यल्लाप्पानं त्याला बाजूला ओढलं. “काय केलायस?”

सौरवनं सांगितलं. यल्लाप्पानं पटका काढला, पुन्हा बांधला, पुन्हा काढला.

“आप्पा, मी मागच्या ओढ्यानं आत जातो. गॅस बंद करतो, परत येतो.”

“गावात पाय टाकलास तर सगळं होरबीड बाटलं. पुन्ना सगळ्यांनी भाईर निघायचं. बाळंतिणी, म्हातारी, गुरं, सगळी. आणि का? तर यल्लाप्पाच्या पोरानं मिसळ शिजवली म्हणून!”

“आणि गाडीनं पेट घेतला तर?”

यल्लाप्पा गावाकडं वळला. “आई लक्ष्मी,” तो पुटपुटला, “तेवढी शेगडी इझीव की गं जाता जाता.”

दुपार कलली आणि वारं फिरलं. गावाकडनं आलं ते वासच घेऊन. पहिल्यांदा कुत्री उभी राहिली. मग बैलांनी रवंथ थांबवलं. दात पडल्यापासून पेजेवर असलेली एक म्हातारी ताडकन उठून बसली आणि पाव मागायला लागली. असा तो वास! माळावर शिजत होता नुसता भाकरी-आमटीचा सैपाक, आणि हा तर भाजलेल्या खोबऱ्याचा, लवंगेचा, मिरचीचा. रिकाम्या गावातनं.

सगळा माळ गावाकडं तोंड करून उभा राहिला. सौरवनं डोळे मिटून घेतले.

शालूबाईनंच पहिल्यांदा हात जोडले. “आई रांधत्या गं बाया! आई सोता रांधत्या!”

मग काय! बायका ओव्या म्हणायला लागल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या, नागोजीअण्णांनी मातीवर डोकं टेकवलं. पिढ्यान्‌पिढ्या एवढी होरबीडं झाली, पण देवीनं पदर खोचून चुलीपुढं बसल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. सौरवला वाटलं, गप्प बसावं. पण मिटल्या डोळ्यांपुढं त्याला सिलेंडर दिसत होता, त्याच्या शेजारचं देऊळ दिसत होतं. तो उठून उभा राहिला.

“अण्णा, देवी न्हवं. माझा कट हाय त्यो. गाडीत शेगडी पेटती ऱ्हायल्या. मीच ठेवलतो. माझं काय करायचं ते करा, पण कुणीतरी जाऊन बंद करा.”

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. नागोजीअण्णांनी शांतपणे विचारलं, “शालूबाई, गावातल्या चुली कुणी बघितल्या?”

“मीच. घरोघर जाऊन पाणी वतलंय. एकबी ऱ्हायली न्हाय.”

“मग जाळ कुठनं आला?”

“गाडीत, अण्णा!” सौरव ओरडला.

“गाडीत इंजिन असतंय रं. चूल असत्या व्हय?”

माळावर हशा पिकला. भरमा वेशीतनं ओरडला, “देवीच्या सैपाकावर बी आपलं नाव टाकतोय बघा! शनवारची जाहिरात चाललीया!”

“खरं बोलत्यात वो ते,” रचना म्हणाली. तिला बायकांनी खाली बसवलं, पाणी पाजलं आणि उन्हाचा त्रास झाला म्हणाल्या. सौरवनं बापाकडं बघितलं. यल्लाप्पा पटका बांधत होता आणि मान वर करत नव्हता.

मग दिवस मावळायलाच तयार होईना. सूर्य हिंडलग्याच्या तुरुंगातल्या कैद्यासारखा एकाच जागी बसून राहिला.

शेवटी बुडाला. नारळ फुटला, फांद्या बाजूला झाल्या आणि सौरव सगळ्यांच्या पुढं पळत सुटला. देऊळ उभं होतं. गाडी उभी होती. आत निळी आच अजून तशीच बारीक जळत होती आणि थोर पातेल्यात आटून आटून तळाशी लालभडक, दाट, तवंगाचा कट उरला होता. करपला नव्हता. सौरवला रडूच यायला लागलं. त्यानं शेगडीच्या बटणाकडं हात नेला.

“हात लावू नगंस!”

मागं नागोजीअण्णा होते आणि त्यांच्या मागं अख्खं गाव. अण्णांनी बोट बुडवलं, चाटलं, आणि त्यांच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहायला लागलं. आता ते भक्तीचं की मिरचीचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

“आईनं जागा बी निवडली तर पोराची गाडी,” ते म्हणाले. “सौरव, भाग्याचा हाईस लेका. ही गाडी आता यात्रेपातुर हितनं हलायची न्हाय.”

“अण्णा, शनवारी माझा मेळा...”

“हितंच मेळा भरंल की! आणि ही जोत आईच्या हातची हाय. यात्रेपातुर इझली न्हाय पायजे. इझली तर जाब तुला इचारणार.”

गाडीला हार पडले. खिडकीवर, चाकांवर भंडारा उधळला गेला. कुणी घरचा सिलेंडर खांद्यावर घेऊन आलं, कुणी कांद्यांची पोती. शालूबाई लेकाच्या गाडीच्या पायरीवर डोकं टेकवून उठली ती अशा तोऱ्यात, की तिला खरं काय ते सांगायची यल्लाप्पाची छाती झाली नाही.

गर्दी प्रसादाला देवळात गेली. सौरव शेगडीपुढं बसून राहिला. रचना त्याच्या शेजारी टेकली.

“बेळगावला कळवायला पायजे,” ती म्हणाली.

“काय कळवू? देवीनं गाडी ठेवून घेतली म्हणून?”

तेवढ्यात खिडकीतनं वाऱ्याचा झोत आला. आच वाकडी झाली, फडफडली, नाहीशी होते की काय अशी झाली. दिवसभर जी विझावी म्हणून तो तळमळत होता, तिच्यासमोर सौरवनं घाईघाईनं दोन्ही हातांचा आडोसा धरला.

“खिडकी लाव गं आधी,” तो म्हणाला. “लवकर!”