अकरा किलोचा भक्त

पुंडलिकनगरच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी सहाशे माणसं जमली होती आणि त्यांतली निम्मी जिन्यात दम खात होती. हलकेश्वर महाराजांचा मेदमुक्ती सोहळा दुसऱ्या मजल्यावर होता. लिफ्टवर 'सहा व्यक्ती' असं लिहिलं होतं, पण चौथी चढली की लिफ्ट ओरडायची.

व्यासपीठावर वजनकाटा. काट्यापुढं संगमरवरी चौरंग आणि त्यावर महाराजांच्या चांदीच्या पादुका. मागं गादीवर स्वतः महाराज, हातात माइक.

"अन्न म्हणजे मोह! मोह म्हणजे माती! काट्यावर उभे राहा, डोळे मिटा, वाका आणि दोन्ही हात पादुकांवर टेकवा. तुमची माती मी ओढून घेतो!"

शिष्य सुदर्शन आकडे पुकारत होता. काट्याचा आकडा फक्त त्याच्याच बाजूला होता.

"कडूबाई! मागच्या रविवारी ब्याऐंशी. आज... चौऱ्याहत्तर!"

टाळ्या. कडूबाई डोळे पुसत उतरल्या. त्यांचं पोलकं होतं तेवढंच घट्ट होतं, पण शिंप्याला कोण विचारतो.

त्यांच्यामागं माझी आई, मंजुळाबाई. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं आणि आधी आठ किलो उतरवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महाराजांनी एका हप्त्यात एक्क्याऐंशीची त्र्याहत्तर केली. बरोबर आठ. पथ्य असं: दिवसातून एक ग्लास सिद्धकाढा, बाकी काही नाही. शुगरची गोळी मात्र आई वेळेवर घ्यायची. ती शिस्तीची आहे.

"आई, दोन घास तरी खा."

"शिवा, तू गप ऱ्हाय. आठ किलो गेलं माझं. अजून एक हप्ता काढते, म्हंजी ऑपरेशनला काळजीच नाय."

सोमवारी सकाळी ती पेटत्या गॅसपुढं कोसळली. पदर पेटला नाही, कारण ती उलट्या बाजूला पडली. या सगळ्या प्रकरणात मी पाहिलेला चमत्कार तेवढाच.

दवाखान्यात शुगर बेचाळीस निघाली; रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीनं ती पाडली होती. "अर्धा तास उशीर झाला असता तर..." डॉक्टर म्हणाले. तिथल्या आहारतज्ज्ञ वहिदाआपा औरंगपुऱ्यात आमच्या दुकानाशेजारी राहतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईला काट्यावर उभं केलं.

"एकोणऐंशी."

"काटा खराब हाय तुमचा," आई म्हणाली. "महाराजांच्यात त्र्याहत्तर हाय."

"अच्छा? तिथं कशा उभ्या राहिलात, खाला? जरा करके दिखाव."

आईनं डोळे मिटले, वाकली आणि समोरच्या खाटेवर दोन्ही हात टेकवले.

"आता तशाच राहा. फक्त डोळे उघडा."

पायाशी आकडा होता: एकाहत्तर.

"हप्ताभर उपाशी राहून आठ किलो," आपा म्हणाल्या. "इथं एका नमस्कारात आठ. आमचा काटा जास्त पावतो की."

आईनं हात उचलले, परत टेकवले; आकडा वर गेला, खाली आला. मग म्हणाली, "मेल्यानं मला फुकट उपाशी मारलं."

पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज आम्ही त्याच दिवशी दिला. पण अर्जानं माझं समाधान होईना. मला सूड पाहिजे होता, माइकवर, सहाशे माणसांसमोर. पुढच्या रविवारी जाऊन मी पहिलं वजन करून घेतलं; पहिल्या वेळी तिथं सगळ्यांना सरळच उभं करत, नमस्कार दुसऱ्या रविवारी. अडुसष्ट. काढ्याची बाटली घेतली, घरी येऊन तुळशीला घातली आणि सात दिवस रोज नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खाल्ला. नंतर तुळस वाळली.

सातव्या दिवशी महाराजांनी विचारलं, "बाळा, पथ्य पाळलं?"

"एक दिवस चुकवला नाही, महाराज."

काट्यावर चढलो आणि वाकलो. बाकीच्यांनी पादुकांवर हात टेकवले होते, मी अख्खा जीव टेकवला. टाचा उचलल्या, कोपरं ताठ केली.

"शिवशंकर! मागच्या रविवारी अडुसष्ट. आज..."

सुदर्शननं काट्यावर दोनदा टिचकी मारली.

"वाच की रे!" आई पहिल्या रांगेतून ओरडली.

"अकरा."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अगं बया, अकरा किलोचा तर माझा नातू हाय!" कडूबाई किंचाळल्या. मागून कुणीतरी येऊन माझे पाय धरले. आणखी दोन मिनिटं गेली असती तर पुंडलिकनगरला नवा महाराज मिळाला असता.

"पराकाष्ठेची भक्ती!" जुने महाराज घाम पुसत म्हणाले. "याची सगळी माती संपली!"

"हाडं पन संपली का?" आई काठी टेकत वर आली आणि तिनं त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. "शिवा, हात वर कर. सुदर्शन, वाच."

"एकोणसत्तर."

"हात टेक."

"बारा."

"वर."

"एकोणसत्तर."

वरचा एक किलो नानखलियाचा.

आईबरोबर आलेल्या वहिदाआपांनी काटा फिरवून आकडा लोकांकडं केला. "हातांनी जेवढा भार चौरंगावर टाकाल तेवढा काट्यावर कमी दिसतो. चौरंग जड होतो, तुम्ही हलके होत नाही. तुमचे डोळे मिटलेले आणि आकडा सुदर्शनकडं, मग बघणार कोण?"

कडूबाई तरातरा वर आल्या आणि हात मोकळे सोडून उभ्या राहिल्या. एक्क्याऐंशी. त्या खाली उतरल्या, चांदीची पादुका उचलली आणि महाराजांच्या दिशेनं नेम धरला.

"थांब, कडूबाई," आई म्हणाली. "मारू नको. पुण्य लागंल त्याला."

तिनं काढ्याचा ग्लास महाराजांपुढं ठेवला. "सात दिवस, महाराज. फक्त ह्येच. पोलीस येईस्तोवर सुरुवात करा."

मग बायांनी समोर बसून पिशव्यांत लपवून आणलेले डबे उघडले. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, पिठलं. महाराजांना पळायचं होतं, पण जिना अख्खा भक्तांनी भरला होता आणि लिफ्टमध्ये चौथी व्यक्ती होती. विसाव्या मिनिटाला त्यांनी हळूच अर्धी भाकरी मागितली.

आईनं दिली नाही.

आपांनी मात्र आईला उपाशी ठेवलं नाही. दिवसाच्या चार भाकरींच्या तीन केल्या, चहातली साखर काढली, डाळीची वाटी वाढवली, आणि गोळीचा डोस डॉक्टरांनी बदलून दिला. भूक लागते, पण आमच्याशी भांडण्याइतकी नाही.

"एवढं कमी खायचं की उद्याही तेवढंच कमी खावंसं वाटेल," आपा म्हणतात. "सात दिवसांत मारून टाकणारं पथ्य आठव्या दिवशी कोण पाळणार?"

महिन्याला किलो, कधी दीड. याला टाळ्या पडत नाहीत. पाच महिन्यांनी आईची खरीखुरी त्र्याहत्तर भरली, हात मोकळे सोडून. येत्या मंगळवारी ऑपरेशन आहे.

तुमच्या गल्लीतही असा काटा येईल. चढा, हरकत नाही. हात मोकळे सोडा, डोळे उघडे ठेवा आणि आकडा स्वतः वाचा. नमस्कार करायचाच असेल, तर आधी खाली उतरा.