बटणबाबाचा ताईत

रक्त तपासायच्या लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि झाडून सगळ्यांनी डोळे मिटले होते. टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पडदा काळा. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकायची, पुढे काही नाही. त्याच्यासमोर बंद मशीनं मंत्राने चालू करणारा बटणबाबा घुमत होता.

"मशीनला दृष्ट लागलीय! उघड्या डोळ्यांनी बघाल तर आतून करपेल!"

लॅबच्या डॉक्टरांनीही डोळे गच्च मिटले. मागे भिंतभर पदव्या टांगलेल्या. त्या कशाला, कोण जाणे!

फक्त माझी आत्या टक्क बघत होती. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. आज तिचं ऑपरेशन होतं. सर्जन तयार होते, पण तिचा रिपोर्ट या कॉम्प्युटरच्या पेटीत अडकलेला, आणि त्याशिवाय भूल द्यायला कोणी धजेना.

बाबाने पेटीला कडकडून मिठी मारली, हुंकार दिला, बटण दाबलं. पडदा उजळला!

"चमत्कार!" लोक ओरडले.

बाबाने पेटीला पुन्हा मिठी मारली. "मागे माझा ताईत खोचलाय, म्हणून जीव धरून आहे बिचारं. तरी रोज सकाळी मीच लागतो."

तेवढ्यात वीज गेली आणि आली. पडदा परत काळा.

"आता उद्या," बाबा म्हणाला. "शक्ती दिवसातून एकदाच उतरते."

"आणि माझ्या पोटातली गाठ उद्यापर्यंत थांबेल का? विचारा की तुमच्या शक्तीला!" आत्या उठली.

"मावशी, हात नका लावू! कोपेल!" काउंटरवरची मुलगी किंचाळली.

"कोपू दे गं. मलाही येतं कोपायला."

तिने पेटीमागे हात घालून ताईत उपसला. काळा दोरा गुंडाळलेला साधा पेनड्राइव्ह! बटण दाबलं, मशीन सुरू. ताईत खोचून पुन्हा चालू केलं, पडदा काळा. काढला, सुरू.

"चालू होताना हे मशीन आधी या ताइतात बघतं," आत्या म्हणाली. "त्यात सुरू व्हायला काहीच नाही, म्हणून अडून बसतं. आधी तिथेच बघायचं, हे या बाबानेच मशीनला लावून दिलं असणार. पहिल्या मिठीत ताईत काढला, दुसरीत परत खोचला. तुम्ही बसा डोळे मिटून!"

"माझी शक्ती बाईंच्या अंगात शिरली!" बाबा ओरडला.

"शिरली ना? मग तुमचं इथे काय काम? निघा."

लोक खो खो हसले. घटकेपूर्वी हेच लोक चमत्कार म्हणून ओरडत होते, हेही लिहून ठेवतो. दुखणं हाच लावतो, औषध हाच देतो, आणि मधल्या वेळात आपण डोळे मिटतो. बाबांचा सगळा धंदा तेवढ्यावर चालतो. मशीन बंद पडलं तर मागे वाकून बघा. नाही कळलं तर कळणाऱ्याला बोलवा. पण डोळे मिटा म्हणणारा भेटला, तर आधी त्याच्या हातांकडे बघा.

डॉक्टर आत्यापुढे हात जोडून उभे राहिले. "बाई, अगदी देवासारख्या—"

"खबरदार! आता मला देव करू नका. रिपोर्ट काढा, सही करा. सर्जन खोळंबलेत."